भेट ऐच्छिक, देणे नव्हे

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतल्या तरुण संघाची नाताळच्या कार्यक्रमासाठी बैठक झाली. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचे नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची, भेट किमान पाचशे रुपयांची असावी आणि संघात नाव असलेल्या प्रत्येकाने भाग घ्यायचाच, असे ठरले. टाळ्याही वाजल्या. पुढच्या गुरुवारी गाण्याच्या तालमीला आमची एक मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. तिची आई दोन घरी पोळ्या करते आणि तिसऱ्या घरी धुणेभांडी. निरोप धाडला तेव्हा 'घसा बसलाय' असे उत्तर आले. घसा बसला नव्हता. रविवारी शेवटच्या बाकावर बसून ती प्रत्येक गीत नीट म्हणत होती, माझ्या मागेच होती.

त्यानंतर महिनाभर मंडळीत वाद चालला, पण तो या मुलीबद्दल नव्हता. एक बाजू म्हणत होती, मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांनी, बाळ येशूला भेटी आणल्या, म्हणून नाताळला भेट देणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे. जो देत नाही तो चिक्कू किंवा विश्वासात कच्चा. दुसरी बाजू म्हणत होती, ही सगळी रोमन मूर्तिपूजकांची आणि आताच्या दुकानदारांची देणगी आहे, शास्त्रात तिला आधार नाही, बंद करा. दोन्हीकडून वचनांचा मारा झाला. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघांचेही लक्ष रंगीत कागदात गुंडाळलेल्या वस्तूवर आहे. ज्याच्याजवळ पाचशे रुपये नाहीत त्याचे काय, हे कोणीच विचारले नाही.

माझे म्हणणे आधीच सांगते. नाताळला आप्तांना आणि मित्रांना भेट देण्याचे कोणतेही धार्मिक बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. ती हौस आहे, चांगली हौस आहे, आणि हौसेला सक्ती शोभत नाही. मात्र जो परत काही देऊ शकत नाही त्याला देण्याचे बंधन आपल्यावर आहे, आणि ते डिसेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपणारे नाही. आपल्या भाषेने हा फरक जपून ठेवला आहे. 'भेट' म्हणजे वस्तू आणि 'भेट' म्हणजे माणसाची गाठ. ती आनंदाने व्हावी. 'देणे' म्हणजे मात्र हातून दिले जाते ते आणि डोक्यावर असते तेही. देणे फेडायचे असते. आपण भेटीला देण्यासारखे सक्तीचे केले आणि खऱ्या देण्याला 'जमले तर बघू' या यादीत टाकले. माझी तक्रार इथे आहे.

आधी मागी लोकांकडे पाहू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा केला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते पूर्वेकडून येतात, घरात जाऊन बाळाच्या पाया पडतात आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात. ते किती होते हे मत्तय सांगत नाही. तीन हा आकडा आपण वस्तूंवरून धरला. पण वाचताना आपण ज्यावरून पटकन पुढे जातो अशा दोन गोष्टी आहेत. एक, त्यांनी एकमेकांना काही दिले नाही. सोनेवाल्याने ऊदवाल्याला पुडके दिले आणि ऊदवाल्याने परतफेड केली, असे तिथे घडलेले नाही. दुसरी, ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी निघून गेले. परतीच्या भेटीला वावच उरला नाही. ज्या घराने त्या वस्तू घेतल्या ते घर हेरोद राजाच्या भीतीने रातोरात लेकरू उचलून मिसराकडे, म्हणजे इजिप्तकडे पळाले. म्हणजे शुभवर्तमानातली पहिली भेट अशा कुटुंबाला मिळाली जे लगोलग परागंदा झाले आणि देणाऱ्यांना पुन्हा कधी भेटल्याचे कुठे लिहिलेले नाही. या प्रसंगावरून कर्तव्य काढायचेच असेल, तर ते किमान पाचशे रुपयांच्या अदलाबदलीचे कसे निघेल? आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या मेंढपाळांचे काय? ते मोकळ्या हातांनी आले, पाहिले, आनंद करीत परत गेले. त्यांना गव्हाणीपाशी कोणी अडवले नाही.

'बंधन' हा शब्द चर्चला काही अनोळखी नाही. वसईच्या आपल्या कॅथलिक बहीणभावांना विचारा, त्यांच्याकडे चर्चच्या आज्ञा मोजून पाच आहेत: रविवारी व बंधनकारक सणांना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणे, वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे, निदान पुनरुत्थानाच्या काळात ख्रिस्तप्रसाद घेणे, नेमलेल्या दिवशी उपवास पाळणे, आणि चर्चच्या गरजांना हातभार लावणे. नाताळ हा बंधनकारक सण आहे खरा, पण ते बंधन मिस्साला जाण्याचे आहे. जिथे बंधने इतकी स्पष्ट मांडली आहेत तिथेही भेटवस्तूचा उल्लेख नाही. आम्ही प्रॉटेस्टंट तर शास्त्रात नसलेले बंधन कोणावर लादू नये असे सांगणाऱ्या परंपरेतले. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी. दिवस पाळण्याचीच सक्ती नाही, तिथे त्या दिवसाच्या पुडक्याची सक्ती कुठून आणायची?

आता आम्हा नगरकरांची एक गोष्ट, जी आमच्याच तरुणांना माहीत नसते. ज्या अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशन संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले, ती संस्था १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाली होती. त्याच मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंटांच्या वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला, पण नाताळ तिथे कायदेशीर सुट्टीचा दिवस झाला तो थेट १८५६ मध्ये. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही १६४७ मध्ये नाताळ बंद केला होता, आणि स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती. ज्यांच्या हातून आमच्या पूर्वजांनी शुभवर्तमान घेतले, त्यांच्या पूर्वजांनी हा सण पाळणे दंडनीय मानले होते. ते सगळे अविश्वासू होते का? नाताळच्या भेटीशिवाय ख्रिस्ती राहता येत नसेल, तर आपल्याच मंडळीचा पाया उखडतो.

हे सांगितले की दुसरी बाजू खूश होते आणि म्हणते, मग बंदच करा, हे मूर्तिपूजकांचेच आहे. त्यांच्या म्हणण्यात इतिहासाचा अंश नक्की आहे. रोममध्ये १७ डिसेंबरपासून सॅटर्नेलिया हा सण चालायचा. मेणबत्त्या आणि मातीच्या लहान बाहुल्या एकमेकांना दिल्या जायच्या. जानेवारीच्या आरंभीही भेटींची देवघेव असे. दुसरे शतक संपून तिसरे लागत असताना कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन कळवळून लिहितो की ख्रिस्ती लोकच या सणांत भेटी पाठवत आहेत. त्यापेक्षा मूर्तिपूजक बरे, ते ख्रिस्ती लोकांचे सण उचलत नाहीत. तेव्हा २५ डिसेंबरचा नाताळ कुठेच दिसत नाही. रोममध्ये त्याची पहिली पक्की नोंद ३३६ सालची मिळते. म्हणजे भेटींची रीत नाताळाहून जुनी आहे, हे मान्य.

पण जुने आणि परके म्हणून त्याज्य, हा न्याय लावायला निघालो तर आपल्या घरात काय उरेल? कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंग आणि भजन-कीर्तनातून गायले. त्यातले कोणते रूप पॅलेस्टाइनातून आले होते? आपण नाताळला तळतो त्या करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या शेजारच्या दिवाळीतल्याच आहेत. टिळकांची ताकद हीच की त्यांनी घाट इथला घेतला आणि त्यात नवे भरले. भेट ही रोमन म्हणून वाईट ठरत नाही, जशी करंजी दिवाळीची म्हणून ठरत नाही. प्रश्न तिच्यात आपण काय भरतो हा आहे. आणि प्युरिटनांच्या बंदीचा धडाही विसरू नये. दंडाची पावती फाडल्याने कोणाच्या घरी भाकरी पोचली, असे काही मला त्या इतिहासात दिसले नाही. सक्तीने देणे आणि सक्तीने न देणे, दोन्हीकडे गरीब माणूस जिथल्या तिथेच राहिला.

या बाबतीत मला ऑगस्टीन जवळचा वाटतो. हिप्पोचा हा बिशप एका १ जानेवारीच्या प्रवचनात लोकांना सांगतो, ते मूर्तिपूजक नववर्षाच्या भेटी देतात, तुम्ही गरिबांना दान द्या. हात पुढे करण्याची सवय त्याने मोडायला सांगितली नाही. हात कोणाकडे पुढे करायचा ती दिशा बदलायला सांगितली. सोळाशे वर्षे झाली, आपली दिशा अजून वळायची आहे.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात दमदार मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो आमच्या महिला मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मांडला. त्या म्हणाल्या, "अगं, मनावर सोडलं की माणूस देत नाही. रीत आहे म्हणून तरी पाकीट उघडतं. कमाईतला दशांशसुद्धा शिस्तीनेच निघतो ना? उद्या तुझं ऐकून कंजूष माणूस 'मला बंधन नाही' म्हणत मोकळा होईल." खरे आहे. प्रेमाला रीतीचा आधार लागतो, हे मी माझ्यावरूनच जाणते. ठरवून बाजूला काढलेले पैसेच माझ्या हातून दिले जातात, उरलेल्यातून देईन म्हटले तर उरतच नाही. शिवाय देवघेवीने माणसे बांधली जातात. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास दाखवून दिले की अनेक समाजांत देणे, घेणे आणि परतफेड करणे ही तिन्ही बंधने असतात आणि त्यांवर नाती उभी राहतात. आपल्याला हे सांगायला पॅरिसहून कोणी यायला नको होते. आपल्या प्रत्येक घरात आहेराची वही असते.

माझ्या आजीचीही होती. निळ्या पुठ्ठ्याची, वरून दोरा ओवलेली. कोणत्या लग्नात कोणाकडून काय आले: स्टीलचा तांब्या एक, रोख अकरा, खण एक. त्या घरचे लग्न निघाले की आजी वही उघडायची आणि त्याहून थोडे जास्तच द्यायची. यात वाईट काही नव्हते. गावात चार घरे ख्रिस्ती, बाकी सगळे इतर. त्या वहीने आमच्या घराला गावाशी जोडून ठेवले. पण ज्या वर्षी हात आखडता असे त्या वर्षी आजी त्याच वहीकडे पाहून लग्नाला जायचे टाळायची. आणि पुढे लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ का छापली जाऊ लागली? ज्याला ऐपत नाही त्याला ही वही घराबाहेर ठेवते, हे लोकांना उमगले म्हणूनच ना? आपल्या समाजाने लग्नाच्या मांडवात जी गोष्ट ओळखली, ती आपण देवाच्या मंदिरात नव्याने सक्तीची करतो आहोत.

याच आजीची दुसरी रीत होती, तिची वही नव्हती. आमचे गाव राहुरी तालुक्यातले, डिसेंबरात ऊसतोडीचा हंगाम भरात. ओढ्यापलीकडे तोडकऱ्यांच्या कोप्या पडायच्या. करंज्यांचा पहिला घाणा निघाला की आजी त्या वर्तमानपत्रावर पसरून तेल निथळू द्यायची आणि मग पितळी डबा भरून आम्हा पोरांना कोप्यांवर धाडायची. सूचना एकच असे: "तिथल्या भांड्यात ओतायचं आणि डबा घेऊन लगेच निघायचं. उभं राहायचं नाही." मला वाटायचे अंधार पडतो म्हणून. बऱ्याच वर्षांनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही उभी राहिलात तर ती बाई डब्यात घालायला काहीतरी शोधत बसंल. रिकामा डबा परत देऊ नये असं तिलाबी माहीत हाय. अन् तिच्याकडं नसलं तर?"

लूकच्या चौदाव्या अध्यायात जे आहे ते आजीने करून दाखवले, असे मी मानते. मेजवानी द्याल तेव्हा मित्र, भाऊ, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नका, नाहीतर ते उलट बोलावतील आणि तुमची फेड होईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा, त्यांच्याजवळ तुमची फेड करायला काही नाही. येशू स्वतः बेथानीत मित्रांच्या घरी जेवला, तेव्हा मित्रांबरोबर जेवू नये असा याचा अर्थ नव्हे. मित्रांबरोबरच्या जेवणाला पुण्याच्या खात्यात लिहू नका, एवढाच अर्थ. ज्येष्ठ बाईंना माझे उत्तर हेच आहे. रीत हवी, शिस्त हवी, पाकीट उघडायला धाकही थोडा हवा. पण तो सगळा धाक आपण अशा ठिकाणी वापरतो आहोत जिथे माणूस असाही देतोच, कारण त्याला परत मिळणार असते. जिथे परत काही मिळणार नाही, तिथे मात्र आपण 'ज्याचे त्याचे मन' म्हणतो. शिस्तीची गरज नेमकी तिथे आहे.

सक्तीच्या भेटीचे ओझे कोणावर पडते हेही पाहा. १९१२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये एलिनॉर बेलमाँट आणि ॲन मॉर्गन यांनी निरुपयोगी भेटी थांबवण्यासाठी एक संस्थाच काढली. मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींना नाताळला आपल्या वरिष्ठांच्या भेटीसाठी तुटपुंज्या पगारातून वर्गणी द्यावी लागे. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या मुलींना 'नाही' म्हणायचे बळ मिळावे, हा तिचा हेतू. पुढे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सभासद झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दुकानातली मुलगी आणि घसा बसल्याचे सांगणारी आमची मुलगी यांच्यात मला काही अंतर दिसत नाही. सक्ती सगळ्यांना सारखी वाटते, पण पाचशे रुपये सगळ्यांच्या घरात सारखे नसतात.

ज्याच्या नावाने आज लाल डगल्यातला म्हातारा फिरतो, त्या मायराच्या संत निकोलसची कथाही पुन्हा नीट ऐकण्यासारखी आहे. एका बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, मुली विकल्या जायची वेळ. निकोलस रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतो आणि आपले नाव कळू देत नाही. दंतकथा असेल. पण तिच्यात ज्या गुपिताचे महत्त्व आहे ते घेणाऱ्याची लाज झाकण्यासाठी आहे. आपल्या चिठ्ठ्यांच्या खेळातले गुपित शेवटी उघडण्यासाठीच असते, आणि उघडल्यावर कोणाची भेट हलकी निघाली हे सगळ्या सभागृहाला दिसते.

'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो' हे वचनही या वादात दोन्हीकडून फेकले गेले. ते कुठले आहे? करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या आठव्या-नवव्या अध्यायांत पौल यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी निधी गोळा करतो आहे. तिथे तो स्पष्ट म्हणतो, मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही. मग माझे 'बंधन' इथे कोसळते का? मला तसे वाटत नाही. किती द्यावे याची आज्ञा तो करत नाही. पण हेतू सांगताना शब्द वापरतो 'समानता'. तुमच्या विपुलतेने त्यांची गरज भागावी. आणि गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की यरुशलेमेतल्या पुढाऱ्यांनी त्याच्यासमोर एकच गोष्ट ठेवली होती: गरिबांची आठवण ठेवावी. सुंतेचे बंधन ज्यांनी परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर घातले नाही, त्यांनीही एवढे मात्र सांगून ठेवले. रक्कम माझ्या मनावर, आठवण माझ्या मनावर नाही.

राहता राहिली लहान मुले. त्यांच्या आनंदावर मी पाणी टाकते आहे असे मला ऐकवले गेले, आणि ते लागले. नाताळच्या सकाळी उशाशी काहीतरी सापडण्याचा आनंद मी कोणत्याही लेकराकडून काढून घेणार नाही. माझ्या घरी आजही उशाशी काहीतरी असते. पण संडे स्कूलच्या झाडाखाली जेव्हा आईबापांनी आणून दिलेली पुडकी नाव पुकारून वाटली जातात, तेव्हा एकाच्या हातात रिमोटची गाडी येते आणि दुसऱ्याच्या हातात पट्टी-पेन्सिल, आणि दोन्ही मुलांना सांगितलेले असते की हे 'सांता'ने दिले. पट्टी-पेन्सिल मिळालेल्या मुलाने त्यावरून देवाच्या घराबद्दल काय समजायचे?

येत्या रविवारी पंच मंडळाची बैठक आहे. तिथे मी तीन गोष्टी मांडणार आहे. तरुण संघाचा पाचशे रुपयांचा नियम काढून टाकावा. ज्यांना एकमेकांना भेटी द्यायच्या त्यांनी घरी, हव्या तशा द्याव्यात. संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला मंडळीच्या खर्चाने एकसारखी वस्तू मिळावी, आईबापांकडून वर्गणी न घेता. आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून दारापाशी एक कुलपाची पेटी ठेवावी, तिच्यात नावाची पाकिटे नकोत आणि वेदीवरून देणाऱ्यांची यादीही वाचली जाऊ नये. तिच्यातल्या पैशांतून कोणाच्या घरी काय गेले, हे पाळकांना आणि एका पंचाला माहीत असले म्हणजे पुरे. तालमी गुरुवारी सहा वाजता सुरू होतात, आणि गाणाऱ्यांमधल्या अल्टोच्या, म्हणजे मुलींच्या खालच्या सुराच्या रांगेत अजून एक जागा रिकामी आहे.